ढग बोलतो, समुद्र बोलत नाही

विज्ञान कादंबरीविषयी मराठीत चर्चा निघाली की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. तिच्यातले विज्ञान बरोबर आहे का, आणि ती वाचून वाचकाचा वैज्ञानिक दृष्टिकोन वाढतो का. परिसंवादांतून, प्रस्तावनांतून, परीक्षणांतून हे प्रश्न मी चाळीसेक वर्षे ऐकत आणि वाचत आले आहे. प्रश्न गैर नाहीत. पण ग्रामीण कादंबरी हाती घेतल्यावर 'यातली पेरणी मृगात झाली की नाही' एवढेच तपासून कोणी पुस्तक मिटत नाही. तिथे आपण माणसे पाहतो, भाषा पाहतो, आपल्या मनात काय हलले ते पाहतो. विज्ञान कादंबरीच्या वाट्याला ही साधी वागणूक क्वचितच येते.

म्हणून या लेखात मी तिसराच प्रश्न घेतला आहे: वाचताना माझे काय झाले? मी विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हे. उभी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. त्यामुळे समीकरण चुकले तर ते मला कळणार नाही, पण वाक्य चुकले तर कळते. कंटाळा, भीती, आनंद, चीड या प्रतिक्रिया टीकेच्या भाषेत 'व्यक्तिनिष्ठ' म्हणून बाजूला सारल्या जातात. मला त्या पुराव्यासारख्या वाटतात. अमुक पानावर कंटाळा आला, तर त्या पानात तो कशाने आला हे दाखवता यायला हवे. तेवढे दाखवता आले की प्रतिक्रिया फक्त माझी राहत नाही.

सुरुवात एका जोडीपासून करते. फ्रेड हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ मध्ये आली, आणि स्तानिस्वाव लेम यांची 'सोलारिस' १९६१ मध्ये. मध्ये चारच वर्षे. एक इंग्रज, केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ. दुसरा पोलिश, वैद्यकशास्त्र शिकलेला. दोघांनी जवळजवळ एकच कल्पना केली: एक अवाढव्य, एकटी, बुद्धिमान वस्तू, जिला हात नाहीत, तोंड नाही, समाज नाही. हॉईलचा ढग सूर्यमालेत येऊन सूर्य झाकतो. लेमचा समुद्र दूरच्या एका ग्रहाला वेढून बसला आहे. पण ढग बोलतो आणि समुद्र बोलत नाही. ह्या एका फरकाने दोन वेगळ्या जातीच्या कादंबऱ्या झाल्या आहेत, आणि माझ्या मते आपल्या मराठी विज्ञानकथेची वाटही ह्याच फाट्यावर ठरली.

'ब्लॅक क्लाउड' वाचताना मला झालेला आनंद निर्भेळ होता. पहिल्या अर्ध्या भागात आकाशात काहीतरी येते आहे याचा शोध लागतो, गणिते होतात, राजकारणी आणि शास्त्रज्ञ यांची खडाजंगी होते, पृथ्वीवर आधी भयंकर उष्मा आणि मग भयंकर थंडी पडते, माणसे लाखांनी मरतात. हा मृत्यू हॉईल इतक्या कोरडेपणाने नोंदवतो की सरकारी गॅझेटियर वाचतो आहोत असे वाटावे. मग क्रिस किंग्जली हा नायक संदेशवहनातल्या विचित्र अडथळ्यांवरून अनुमान काढतो की हा ढग बुद्धिमान आहे. इथे मी खुर्चीत पुढे सरकून बसले. ढगाशी संपर्क साधला जातो, त्याला इंग्रजी शिकवले जाते, आणि तो बोलू लागतो. एखाद्या ग्रहाच्या घट्ट पाठीवर, गुरुत्वाकर्षणाच्या ओझ्याखाली बुद्धी निर्माण होऊ शकते याचे त्यालाच नवल वाटते! आपण त्याला अशक्य मानत होतो, तो आपल्याला अशक्य मानत होता. कादंबरीतला हा क्षण मला आजही फार आवडतो.

पण ढगाचे बोलणे जसजसे वाढते तसतसे माझ्या मनात एक बारीक शंका उभी राहते. हा ढग केंब्रिजच्या कॉमन रूममध्ये बसून पाईप ओढत बोलतो आहे. त्याचे तर्क, त्याची किंचित तिरकस विनोदबुद्धी, सामान्य राज्यकर्त्यांविषयीची त्याची तुच्छता, सारे हॉईलचे आहे. परका म्हणून आलेला पाहुणा आपल्याच आळीतला निघाला. आणि तरी शेवट या सुखावर पाणी ओततो. ढगाचे ज्ञान माणसाच्या मेंदूत थेट उतरवण्याचा प्रयोग होतो, आणि त्यात एक तरुण शास्त्रज्ञ मरतो, पाठोपाठ किंग्जलीही मरतो. जुने शिकलेले आणि नवे मिळालेले एका डोक्यात नांदू शकले नाही. शिक्षक म्हणून मला हा शेवट फार जवळचा वाटतो. कोरी पाटी शिकवायला सोपी, भरलेली पाटी पुसताना फुटते.

आता सोलारिस. मी प्रथम वाचली ती १९७० ची इंग्रजी आवृत्ती. ती मूळ पोलिशवरून नव्हे, फ्रेंच भाषांतरावरून केलेली. तिच्यात नायिकेचे नावही अक्षरे उलटसुलट करून बदललेले होते. थेट पोलिशवरून झालेले इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये, पन्नास वर्षांनी आले. दोन्ही वाचल्यावर सांगते, एका ठिकाणी दोन्हींत सारखाच कंटाळा येतो. क्रिस केल्विन अंतराळस्थानकावर पोचतो, तिथला त्याचा गुरू गिबारिअन आत्महत्या करून गेलेला, उरलेले दोघे काहीतरी लपवत असलेले, आणि एका सकाळी केल्विनच्या खोलीत त्याची मेलेली बायको हॅरी बसलेली. इतके सगळे रंगात आलेले असताना लेम नायकाला ग्रंथालयात नेतो. मग पानेच्या पाने 'सोलारिसशास्त्र' नावाच्या विद्याशाखेचा इतिहास. शंभरेक वर्षांत समुद्राविषयी मांडलेले सिद्धान्त, त्यांचे खंडन, खंडनाचे खंडन, समुद्रातून उठणाऱ्या प्रचंड आकारांचे वर्गीकरण, त्या वर्गीकरणाची परिभाषा, संप्रदाय, उपसंप्रदाय, विद्यापीठीय भांडणे.

कंटाळा येतो हे खरे, आणि तो यायलाच हवा. ज्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांची कपाटे धूळ खात उभी पाहिली आहेत त्याला या प्रकरणात हसू फुटल्याशिवाय राहणार नाही, आणि पाठोपाठ घशाशी काहीतरी येईल. इतकी माणसे, इतकी आयुष्ये, इतकी विद्वत्ता, आणि समुद्राने एका शब्दानेही उत्तर दिलेले नाही. लेमने हे एका वाक्यात सांगितले असते तर ती माहिती झाली असती. पंचवीस पाने सांगितल्यावर तो अनुभव होतो. ही गोष्ट कथेला परवडत नाही, कादंबरीलाच परवडते, आणि आपल्याकडच्या चर्चेत ती कधी येत नाही.

हॅरीविषयी मात्र मला कंटाळा कधीच आला नाही. तिच्या पोशाखातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. तिच्या झग्याला बटणे आहेत, पण ती उघडत नाहीत; नुसती वरून लावलेली आहेत. झगा काढायचा तर कापावा लागतो. समुद्राने केल्विनच्या आठवणीतून तिला घडवले, आणि आठवणीत बटण दिसते. ते काजातून निघते कसे हे आठवणीला ठाऊक नसते. घाबरलेला केल्विन या पहिल्या हॅरीला अग्निबाणात बसवून अवकाशात सोडून देतो. दुसरी येते. खुर्चीवर आता दोन सारखे झगे पडलेले असतात, दोन्ही कापलेले. मी पिशाच्चकथा खूप वाचल्या, नारायण धारपांची पुस्तके रात्री दिवा लावून वाचली. पण दोन झग्यांइतका अंगावर काटा कशानेच आला नाही. आणि हळूहळू भीती जाऊन तिच्या जागी दया येते, कारण आपण कोण हे हॅरीला स्वतःलाच कळू लागते. ती खरी हॅरी नाही, तरी दुःख तिचे खरे आहे. आपल्याला नाहीसे करा, असे शेवटी तीच इतरांना सांगते.

समुद्राने हे का केले? भेट म्हणून, शिक्षा म्हणून, प्रयोग म्हणून, की नकळत? कादंबरी सांगत नाही. शेवटी केल्विन किनाऱ्यावर बसून लाटेपुढे हात धरतो. लाट हाताभोवती येते, हाताचा आकार घेते, पण स्पर्श करत नाही. तार्कोव्हस्कीने १९७२ मध्ये यावर चित्रपट केला तेव्हा शेवट केल्विनच्या वडिलांच्या घराशी नेऊन ठेवला, आणि लेम त्या चित्रपटावर नाराजच राहिला. मला लेमची नाराजी समजते. चित्रपट सुंदर आहे, पण त्यात समुद्र माणसाच्या अपराधभावनेची पार्श्वभूमी होतो. कादंबरीत तो माणसाकडे पाहतो की नाही हेच कळत नाही.

मी म्हटले की मराठी विज्ञानकथेची वाट ह्या फाट्यावर ठरली. त्याला एक साधे चरित्रात्मक कारण आहे. हॉईल हे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकरांनी मराठीतली पहिली विज्ञानकथा लिहिली ती १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी. नाव 'कृष्णविवर'. आपले नाव पाहून परीक्षकांवर दडपण नको म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. कथेला बक्षीस मिळाले. हा किस्सा सर्वांना माहीत आहे. पण त्यातून आपण फक्त विनय पाहतो. मला त्यात एक वाङ्मयीन वारसाही दिसतो. गुरूने विश्व समजते असे मानून कादंबरी लिहिली होती. शिष्याच्या कथाही विश्व समजते या विश्वासावर उभ्या आहेत. 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन आलेला माणूस, त्याची उलटी झालेली गोलंदाजी, गणपतीची फिरलेली सोंड. वाचताना कोड्याची मजा येते आणि कोडे सुटल्याची त्याहून जास्त. विज्ञानकथेतून विज्ञानाचा प्रसार व्हावा, ही भूमिका नारळीकर स्वतः मोकळेपणाने मांडत. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आलेल्या लेखांतूनही हाच गुण पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

त्यांच्या नंतरच्या आणि बरोबरच्या लेखकांत, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यात, पोत वेगवेगळा आहे. लोंढ्यांच्या 'दुसरा आइनस्टाईन'मध्ये नैतिक पेच विज्ञानाच्या पुढे जातो, जावडेकरांना माणसाच्या मनात अधिक रस आहे. पण एक ओळखीचे पात्र अनेकांकडे भेटते: समजावून सांगणारा प्राध्यापक. गोष्ट दोन-तृतीयांश झाली की तो येतो, चहाचा कप खाली ठेवतो आणि खुलासा करतो. हे पात्र आले की माझ्यातली वाचक मागे टेकून बसते. आता तिला काही करायचे उरलेले नसते. दिवाळी अंकांनी आणि मासिकांनी मराठी विज्ञानकथा जगवली हे खरे. त्याच अंकांच्या दहा-बारा पानांनी तिला खुलाशाची घाईही लावली. सोलारिसचे ग्रंथालय दहा पानांत बसत नाही.

तरी नारळीकरांच्याच 'वामन परत न आला' या कादंबरीने माझ्या या मांडणीला छेद दिला आहे, आणि मला तो छेद आवडतो. जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. आपल्या फार आधी होऊन गेलेल्या एका प्रगत मानवसंस्कृतीने आपले ज्ञान तिच्यात ठेवले आहे. शास्त्रज्ञ ते उलगडतात, आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव उभा करतात. म्हणजे पुन्हा ढगासारखेच, संदेश वाचता येतो. पण वाचता येणे हाच इथे धोका आहे. ज्ञान उलगडले, सूचना बरोबर समजल्या, यंत्र बरोबर चालले, आणि म्हणूनच संकट आले. बलिप्रतिपदेला बळीचे राज्य येवो म्हणणाऱ्या मराठी घरात 'वामन' हे नाव ऐकले की तीन पावलांची आठवण येतेच. मागणी छोटी, परिणाम पाताळापर्यंत. किंग्जलीच्या मृत्यूतली भीती इथे आपल्या पुराणाचे नाव घेऊन आली आहे. नारळीकरांवर लिहिताना 'सुबोध' हा शब्द वापरून जे थांबतात त्यांनी ही कादंबरी सुबोधपणाविरुद्धची म्हणून एकदा वाचून पाहावी.

आर्थर क्लार्कच्या 'रांदेव्हू विथ रामा' (१९७३) बद्दल थोडक्यात. ग्रीक-रोमन देवांची नावे संपल्याने खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांकडे वळले आहेत, म्हणून पन्नास किलोमीटर लांबीच्या त्या परक्या नळकांड्याला 'राम' हे नाव मिळते. मराठी वाचक इथे गालात हसतो. माणसे आत शिरतात, गोठलेला समुद्र वितळताना पाहतात, जिने उतरतात, मोजमापे घेतात. आणि राम सूर्याजवळून जाऊन निघून जातो, माणसांची दखलही न घेता. कल्पना मोठी आहे, पण माणसे इतकी शिस्तीची आणि गुळगुळीत आहेत की दुर्लक्षाचा अपमान त्यांना होतच नाही. मलाही झाला नाही.

तो झाला अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांच्या 'रोडसाइड पिकनिक'मध्ये. ही १९७२ मध्ये रशियन मासिकातून आली आणि सोव्हिएत संपादकांच्या हरकतींमुळे पुस्तकरूपात यायला तिला आणखी आठ वर्षे लागली. परग्रहावरून कोणी आले आणि गेले. ते कसे होते कोणी पाहिले नाही. मागे उरले आहेत काही निषिद्ध प्रदेश, आणि त्यांत विखुरलेल्या वस्तू: काही उपयोगी, काही प्राणघातक, कशाचा खरा उपयोग काय ते अज्ञात. कादंबरीतला एक शास्त्रज्ञ सुचवतो की ही सहल असेल. रस्त्याकडेला गाडी थांबवून माणसे खाऊन-पिऊन गेली, मागे डबे, तेलाचे डाग, विझलेली शेकोटी राहिली. आता गवतातल्या मुंग्या त्यांचा अर्थ लावताहेत. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले होते. लोणावळ्याच्या घाटात रविवारी संध्याकाळी जे दिसते तेच, फक्त आपण गाडीत नाही, गवतात आहोत.

कादंबरी मुंगीच्या बाजूने सांगितली आहे, हे तिचे मोठेपण. नायक रेडरिक शूहार्ट शास्त्रज्ञ नाही. रात्री चोरून प्रदेशात शिरून वस्तू बाहेर आणणारा आणि विकणारा तो 'स्टॉकर'. (हा शब्द लेखकांना किपलिंगच्या 'स्टॉकी अँड कंपनी'वरून सुचला, असे बोरिसने लिहून ठेवले आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा एक खोडकर शाळकरी मुलगा असा रशियन भाषेत जाऊन भंगारवाला झाला.) त्याने आणलेल्या मालावर संस्था संशोधन करतात, व्यापारी गब्बर होतात, सैन्यालाही त्यात रस असतो. रेडरिकची मुलगी मात्र दिवसेंदिवस माणसात राहत नाही, आणि मेलेला बाप कबरीतून उठून घरी येऊन बसतो. तो त्याला हाकलत नाही. घरातले माणूस आहे, ताटावर बसू द्यावे, असे त्या घराचे वागणे आहे.

ही कादंबरी वाचताना मला २०१० सालचे दिल्लीतले मायापुरी आठवत राहिले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वापराविना पडलेले उपकरण लिलावात भंगार म्हणून निघाले. त्यात कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडले, तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले. अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली, एक जण दगावला. त्या माणसांनी विज्ञानातली कुठली चूक केली नव्हती. त्यांच्यापर्यंत ते विज्ञान वस्तू म्हणून पोचले होते, अर्थ म्हणून नव्हे. हा प्रसंग मराठी विज्ञानकथेत कोणी लिहिला तर सांगणारा बहुधा अणुशास्त्रज्ञ असेल आणि शेवटी सुरक्षिततेचे नियम येतील. स्त्रुगात्स्कींनी ती गोष्ट हत्यार हातात धरलेल्या माणसाच्या तोंडून सांगितली असती. रेडरिक शेवटी इच्छा पुरवणाऱ्या सोन्याच्या गोळ्यापाशी पोचतो, तोही एका कोवळ्या पोराचा बळी देऊन. आणि तिथे मागण्यासाठी त्याच्यापाशी स्वतःचे शब्दच नसतात. मला त्याची चीड यायला हवी होती. आली ती त्याला शब्द न देणाऱ्यांची.

उर्सुला ले ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) वाचताना मात्र माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. गेथेन हा सदा हिवाळ्याचा ग्रह. तिथल्या माणसांना कायमचे लिंग नाही. महिन्यातले काही दिवस ती स्त्री किंवा पुरुष होतात, कोणते ते आधी ठरलेले नसते, आणि मग पुन्हा मधल्या स्थितीत जातात. तोच माणूस एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकतो. पृथ्वीचा दूत गेन्ली आय तिथे येतो. पंतप्रधान एस्त्राव्हेन त्याला मदत करतो आणि त्यापायी देशोधडीला लागतो. 'करतो' असे मी लिहिले, इथेच पंचाईत आहे. ले ग्विनने इंग्रजीत सर्वांना पुल्लिंगी सर्वनाम वापरले. टीका झाली, तिने आधी समर्थन केले, पुढे त्या समर्थनाला स्वतःच मुरड घातली. याच ग्रहावरच्या एका जुन्या कथेत तर १९७५ मध्ये तिने सर्वनाम बदलून स्त्रीलिंगी केले.

इंग्रजीत हा प्रश्न एका सर्वनामापुरता आहे. 'मी' म्हटले की इंग्रजीत लिंग लपते, म्हणून एस्त्राव्हेनच्या रोजनिशीची प्रकरणे तिला बिनघोर लिहिता आली. मराठीत काय होईल? या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात 'वाचत आले आहे' असे लिहिले आणि लिहिणारी बाई आहे हे कळून चुकले. बंगालीत ही अडचण येणार नाही, तिथे क्रियापदाला लिंगच नाही. हिंदीत आपल्याहून जास्त येईल. मी हौसेने या प्रकरणांची मराठीत टिपणे काढायला घेतली आणि आपल्या भाषेत किती चोरवाटा आहेत ते पाहून चकित झाले. भविष्यकाळाला लिंग नाही: 'मी जाईन' कोणीही म्हणावे. 'मी जात असे', 'मी करी' यांनाही नाही. सकर्मक भूतकाळ कर्माच्या मागे जातो: 'मी दार उघडलं', 'मी पत्र लिहिलं'. 'म्हणालो-म्हणाले' अडते, पण 'म्हटलं' अडत नाही. आणि शरीर-मनाचे जवळजवळ सगळे व्यवहार आपण 'मला'ने चालवतो: मला भूक लागली, मला थंडी वाजली, मला भीती वाटली, मला आठवलं. बर्फावरच्या रोजनिशीला याहून जास्त काय लागते? राजा गर्भार असल्याची बातमी इंग्रजी वाचकाला दचकवते. मराठीत 'राजाला दिवस गेले' हे व्याकरणाने इतके सरळ आहे की दचकायला राजा हा शब्दच शिल्लक राहतो. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतातच. नपुसकलिंगही आपल्यापाशी आहे, आणि ते कोरडे नाही: 'गुणाचं माणूस आहे ते' असे आपण मायेनेच म्हणतो. फक्त त्यात तुच्छताही मिसळता येते, आणि एस्त्राव्हेनकडे पाहणाऱ्या गेन्लीच्या मनात सुरुवातीला दोन्ही आहेत. त्याच्या तोंडी 'तो' आणि 'ते' यांत हेलकावे ठेवावेत का, यावर मी बरेच दिवस अडून होते.

गेन्लीला तुरुंगछावणीतून सोडवून एस्त्राव्हेन त्याला सुमारे ८० दिवस हिमनदीवरून ओढगाडीने घेऊन जातो. या प्रवासाइतके जिवाभावाचे काही मी विज्ञान कादंबरीत वाचलेले नाही. भुकेची मोजणी, तंबूतली छोटी शेगडी, रोज किती मैल कापले त्याची नोंद. दोघे मनानेच बोलायला शिकतात तेव्हा गेन्लीचा आवाज एस्त्राव्हेनला आपल्या मेलेल्या भावाचा म्हणून ऐकू येतो. ढगाशी गप्पा झाल्या, समुद्राशी झाल्या नाहीत. इथे गप्पा होतात आणि त्या होताना प्राचीन जखम उघडते. एस्त्राव्हेन पुढे सीमेवर पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मरतो, तेव्हा मी पुस्तक दोन दिवस उघडले नाही.

टिपणे काढताना या प्रकरणांत एक गोष्ट आपोआप घडली. हिमनदीवर पाऊल पडल्यापासून रोजनिशीतला 'मी' कमी होतो. आम्ही निघालो, आम्ही चाललो, आम्ही थांबलो, आम्ही थकलो. मराठीत 'आम्ही'ला लिंग नाही. मंगळागौरीच्या बायकाही 'आम्ही आलो' म्हणतात आणि दिंडीतले वारकरीही. पानामागून पाने एकही चोरवाट न धरता मराठीत उतरत गेली. अडली ती एका रात्री. एस्त्राव्हेन स्त्रीरूपात असलेली ती रात्र, जेव्हा तंबूच्या दोन टोकांना दोघे एकमेकांना न शिवता बसून राहतात आणि 'आम्ही' फुटून पुन्हा 'मी' होतो. तिथे 'मी गप्प बसलो' लिहायचे की 'बसले', हे माझ्या वहीत अजून कोरे आहे.